माणसाचा स्वभाव नेमका पकडणाऱ्या जुन्या म्हणी कोणत्या? त्या आज पटतात का?

मला विचाराल तर 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही एक नंबर. काथ्याचा दोर जाळून बघा, राख झाली तरी वळणं तशीच दिसतात, हात लावला की मग ढासळतं सगळं. आमच्या जळगावकडे गावोगावी असे लोक सापडतील, केळीची बाग विकली, ट्रॅक्टर गेला, पण पारावर बसले की रुबाब तोच आणि चहाचे पैसे दुसऱ्याला देऊ देणार नाहीत (उधारीवर का होईना).

'पळसाला पानं तीनच' पण भारी आहे. यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला पळस भरपूर, कुठलंही झाड बघा, एका देठाला तीनच, बॉटनीवाले म्हणतील ते एकच संयुक्त पान आहे, असू द्या. मतलब काय तर पुण्याला जा नाहीतर सुरतला, माणसं सारखीच, भाऊबंदकी तीच.

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' हे मात्र मला पूर्ण पटत नाही, तंबाखू कायमची सोडलेले लोक बघितलेत मी. आणि म्हणी एकमेकींच्या विरुद्धही बोलतात बरं का, एकीकडे 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' म्हणजे संगतीने माणूस बदलतो, दुसरीकडे कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. मग बदलतो का नाही? म्हातारी माणसं दोन्ही वापरतात, बिघडलेलं पोरगं आपलं असलं की पहिली, शेजाऱ्याचं असलं की दुसरी.