नोकरी सोडण्याआधी दिवसाच्या उजेडाचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अ‍ॅनिमेशन स्टुडिओतली नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रं करायची आहेत, डोंबिवलीच्या घरात एक लहान खोली हाताशी आहे, वडील म्हणतात बांधलेला पगार सोडू नकोस, आणि फोर्टच्या जहांगीर आर्ट गॅलरीला प्रदर्शनासाठी अर्ज करावा का, हेही विचारलंय. वरच्या उत्तरांत कुणी 'बिनधास्त सोडा' म्हणतंय, कुणी 'वेडेपणा करू नका'. मी गिरगावात राहते आणि बरीच वर्षं चित्रं व चित्रांच्या आसपासची कामं यांवर घर चालवते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत असं की आधी बघायचं ते दिवसाचा उजेड कुणाच्या ताब्यात आहे हे. तुमची नोकरी सकाळच्या लोकलपासून रात्रीच्या लोकलपर्यंत उजेड घेते, शिवाय दिवसभर डोळे आणि हात दुसऱ्याच्या चित्रासाठी वापरते. संध्याकाळी उरतो तो थकलेला माणूस आणि ट्यूबलाइट. तेव्हा ही नोकरी सोडावी असंच मला वाटतं. पण सोडताना दुसरं उत्पन्न असं शोधा की सकाळी आठ ते दुपारी दोन तुम्ही कुणाचे नसाल.

दुसरं काम केलं म्हणजे चित्रकार कमी पडला, असं मानणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. याच मुंबईत चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट उभा करणाऱ्यांपैकी के. एच. आरा यांनी लोकांच्या घरी नोकर म्हणून काम केलं होतं. चित्रकार प्रभाकर बरवे कित्येक वर्षं सरकारी विणकर सेवा केंद्रात कापडासाठी डिझाइनं करत होते आणि त्याच काळात त्यांची स्वतःची चित्रभाषा घडत होती. चित्रकार दीनानाथ दलालांनी केलेली पुस्तकांची आणि अंकांची मुखपृष्ठं तर आपल्या घराघरांत पोचली. आणि चित्रकार वासुदेव गायतोंड्यांसारखा वर्षाला मोजकीच चित्रं करणारा माणूस बघा, त्यांना वॉर्डन रोडच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करायला जागा मिळाली होती. तशी सोय आज सहजी मिळत नाही, म्हणून ती आपल्यालाच उभी करावी लागते.

मला स्वतःला शिकवण्यांनी तारलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शाळकरी मुलांच्या सरकारी चित्रकला परीक्षांचे वर्ग शाळा सुटल्यावर, संध्याकाळी असतात. दहावीला इंटरमिजिएटच्या ग्रेडचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालक स्वतःहून येतात. परीक्षेच्या आधीचे दोन महिने जास्त तास द्यावे लागतात, तेवढं धरून चला. दिवाळी अंकांची रेखाटनं पावसाळ्यात येतात, पैसे बेताचे आणि उशिराने मिळतात, पण हात चालता राहतो. कॅफेच्या भिंती रंगवण्याचं काम चांगले पैसे देतं, मात्र अर्धी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय ब्रश उचलू नका. एका मालकाने माझं पूर्ण झालेलं काम महिनोन् महिने 'बघू' वर ठेवलं होतं. तो राग मला अजून आहे.

पोर्ट्रेटच्या ऑर्डर घेणार असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्ही आपल्या मनाने केलेलं चित्र विकलंत तरी त्याचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, तो लेखी दिला तरच जातो. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी पैसे देऊन सांगून करून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे तुम्ही काढलेलं त्यांच्या आजीचं चित्र ते कॅलेंडरवर छापू शकतात आणि तुम्हाला मात्र त्याचे प्रिंट विकता येत नाहीत. दोन ओळींचं पत्र आधीच करून दोघांच्या सह्या घ्या. ओळखीतलं काम असेल तरी घ्या. उलट ओळखीत जास्त गरज पडते.

आता खोली. तिला उत्तरेची खिडकी असेल तर तुम्ही नशीबवान, दिवसभर उजेड फारसा हलत नाही. पण समोरच्या इमारतीचा रंग बघा. भिंत गुलाबी किंवा पिवळी असेल तर तिचा रंग तुमच्या कॅनव्हासवर उतरतो आणि बाहेर नेल्यावर चित्र भलतंच दिसतं. दिवे घ्याल ते ५००० केल्विनच्या आसपासचे, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचे, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९०च्या वरचे.

तैलरंग लहान खोलीत करता येतात, पण टर्पेंटाइनची वाफ कोंडू देऊ नका, एक्झॉस्ट फॅन बसवाच. आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि फडक्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात टाका. घरात आईवडील झोपलेले असतात, म्हणून हे बजावून सांगते.

पावसाळा हा आपल्याकडचा वेगळाच छळ आहे. जून ते सप्टेंबर कागदावर बुरशी धरते, बाहेरच्या भिंतीला टेकवलेली चित्रं मागून खराब होतात. चित्र आणि भिंत यांत बोटभर जागा सोडा, कागद ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा, आणि गादीखाली अजिबात ठेवू नका. मी त्या महिन्यांत अ‍ॅक्रिलिक करते आणि तैलरंगांची मोठी कामं दिवाळीनंतर घेते. जुलैत तैलचित्राची ऑर्डर घेतलीत तर पोचवण्याची तारीख लांबची द्या. मोठं चित्र फोर्टला न्यायचं असेल तर स्ट्रेचरवरून, म्हणजे कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीवरून काढून, रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर गुंडाळा. आत ठेवली तर रंगाला सुरकुत्या पडतात. गर्दीच्या वेळी लोकलचा विचारही करू नका.

जहांगीरला अर्ज जरूर करा आणि लगेच करा. निवड समिती आहे, आणि निवड झाली तरी तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. १९५२ पासून तिथे लोक चित्रं बघायला येतायत, कामावरून परतताना सहज आत डोकावणारा माणूस तुम्हाला दुसरीकडे क्वचितच मिळेल. पण एका आठवड्याच्या प्रदर्शनाला भाड्यापेक्षा फ्रेम, टेम्पो आणि छपाई यांचाच खर्च जड होतो. कर्ज काढून ते करू नका. तोवर बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया आणि राज्य कला प्रदर्शन यांना दरवर्षी चित्रं पाठवत राहा. जी गॅलरी स्वतःहून मेसेज करून 'निवड' झाल्याचं सांगते आणि मग शुल्क मागते, तिला नकार द्या.

किमतीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे बरेच जण चौरस इंचाचा दर लावतात, सुरुवातीला तो बरा पडतो. घरून विकताना आणि गॅलरीत किंमत एकच ठेवा. गॅलरी तिसरा हिस्सा ते निम्मे घेते, ते आधीच धरून दर काढा. नातेवाइकांना सूट द्यायची तर बिलावर पूर्ण किंमत लिहून खाली सूट दाखवा.

वडिलांना एक वर्षाचा घरखर्च बँकेत दाखवा आणि शिकवण्यांचं वेळापत्रक हातात द्या. 'कला' या शब्दावर वाद घालू नका, त्यांची काळजी खरी आहे.

शेवटी तुमच्या चित्रांबद्दल. प्रश्नासोबत ठाकुर्ली खाडीची जी पाच टाकलीत त्यातली चार एकसारखी आहेत. पहिलं विकलं गेलं म्हणून पुढची केली असावीत, असं दिसतं. पाचवं, ज्यात चिखलाचा करडा रंग वर आभाळापर्यंत चढलाय, ते मात्र कुणालाही न विचारता केलेलं वाटतं. त्याची उजवी बाजू अजून सुटलेली नाही, झाडी उगाच नीटनेटकी झाली आहे. ते विकू नका. त्याच मापाचा दुसरा कॅनव्हास घ्या, झाडी वगळून करून बघा, आणि सकाळच्या उजेडात काढलेला फोटो इथे टाका.