घाटात एएमटी ट्रक सारखा गेअर का बदलतो?

प्रश्न : आमचा दहा चाकी ट्रक एएमटी (आपोआप गेअर बदलणाऱ्या) गेअरबॉक्सचा आहे. सपाट रोडला मस्त पळतो, पण लोड घेऊन खंबाटकी चढताना सारखा गेअर वर-खाली करतो. एका ड्रायव्हरकडे हे जास्त होतं, दुसऱ्याकडे गाडी गुमान चढते. गेअरबॉक्स गेला का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : एकाच गाडीची दोन ड्रायव्हरकडे दोन तऱ्हा, म्हणजे गेअरबॉक्स उघडायची अजिबात घाई करू नका, आधी पहिल्या ड्रायव्हरचा पाय बघा.

एएमटीत आतले गेअर साध्या गाडीसारखेच असतात, फक्त क्लच दाबायचं आणि गेअर टाकायचं काम कॉम्प्युटरच्या हुकमावर होतं. बऱ्याच गाड्यांत चढ ओळखणारा सेन्सर असतो, पण ड्रायव्हरला किती ओढ पाहिजे हे कॉम्प्युटरला एक्सलेटरवरूनच कळतं. पॅडल थोडंच दाबलं की तो डिझेल वाचवायला लवकर, साधारण 1200-1400 आरपीएमला वरचा गेअर टाकतो, आणि पूर्ण दाबलं की इंजिन अजून चारपाचशे आरपीएम वर जाऊ देतो, मगच बदलतो (आकडे मॉडेलप्रमाणे वेगळे).

आता गेअर वर जायचा स्पीड आणि खाली यायचा स्पीड यात कंपनी मुद्दाम अंतर ठेवते, सारखी अदलाबदल होऊ नये म्हणून, पण पॅडल हललं की हे दोन्ही स्पीड सरकतात. त्यामुळे ज्याला मॅन्युअलची सवय आहे तो गेअर बदलताना पाय उचलतो, कॉम्प्युटरला वाटतं ओढ नको, वरचा गेअर पडतो, चढावर गाडी लगेच मरते, मग हा पठ्ठ्या पूर्ण रेस देतो आणि गेअर परत खाली. आणि प्रत्येक बदलाला क्षणभर चाकांची ताकद तुटते, लोडेड गाडीचा स्पीड तेवढ्यातच पडतो, क्लच झिजतो तो वेगळाच.

त्याला सांगा, गेअर बदलताना पाय उचलायचा नाही, इंजिनची ताकद त्या वेळी कॉम्प्युटर स्वतःच कमी करतो. चढ लागायच्या आधीच पॅडल दाबून एका जागी धरायचं, आणि तरी अदलाबदल थांबली नाही तर मॅन्युअल मोडला टाकून गाडी न मरता ओढेल तो गेअर पकडायचा, वळणं संपली की परत ऑटो. मला विचाराल तर लोड असताना खंबाटकी मॅन्युअल मोडलाच चढावी.

एवढं करूनही फरक पडला नाही, किंवा दुसऱ्या ड्रायव्हरकडेही तेच सुरू झालं, तर पॅडलखालची मॅट बघा. जाड मॅट टाकली असेल तर पॅडल तळाला टेकत नाही, त्यामुळे शेवटचा खटका असतो तो किकडाऊन (पूर्ण ओढीसाठी खालचा गेअर मागणारा) लागतच नाही. नंतर पॅडल सेन्सर तपासा, त्यात दोन सिग्नल असतात, ते जुळले नाहीत की बहुतेक वेळा इंजिनची लाइट लागते आणि गाडी ताकद कमी करते. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून पॅडल हळूहळू दाबा, पॅडल किती दाबलंय त्याचे टक्के मध्येच उडी मारत असतील तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर बघा, गेअरबॉक्सला हात लावू देऊ नका.