वाचकांचे प्रश्न : ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ रखडतो तो चित्रांमुळे का?

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपला 8 जीबी रॅम आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ या बुटक्यांचा किल्ला वसवण्याच्या संगणकीय खेळाची चित्रांची आवृत्ती घेतल्यापासून किल्ल्यात दीडशे बुटके झाले की खेळ अगदी रखडतो. मोफत मिळणाऱ्या अक्षरांच्या आवृत्तीकडे परत जावे, की ग्राफिक्स कार्ड असलेला नवा लॅपटॉप घ्यावा? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : कृपया दोन्हींपैकी काहीच करू नका, निदान नव्या लॅपटॉपचे पैसे तरी तूर्त खर्च करू नका. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी हा खेळ 8 ऑगस्ट 2006 रोजी प्रथम लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्यात चित्रे नव्हती. कोड पेज 437 या जुन्या संचातील 256 चिन्हांवर सारे जग उभे होते, बुटका म्हणजे हसरा चेहरा आणि मांजर म्हणजे ‘सी’ हे अक्षर. 6 डिसेंबर 2022 रोजी आलेल्या आवृत्तीत मिखाऊ मादेय आणि जेकब बोमन यांच्यासारख्या, पूर्वी खेळाडूंसाठी हौसेने चित्रसंच काढणाऱ्या कलाकारांची चित्रे आली. मात्र ती वरची पुटे आहेत. खालची आकडेमोड तीच राहिली, आणि आपला लॅपटॉप दमतो तो त्या आकडेमोडीने.

सेटिंगमध्ये एफपीएस, म्हणजे खेळाचा सेकंदागणिक वेग, दाखवण्याची सोय चालू केली की पडद्यावर दोन आकडे दिसतात. पहिला आकडा जगाचा हिशेब सेकंदाला किती वेळा पुढे सरकतो ते सांगतो, तर कंसातला दुसरा चित्र किती वेळा रंगवले जाते ते. मुळात त्यांच्या मर्यादा अनुक्रमे 100 आणि 50 असतात. किल्ल्याच्या खेळात एका दिवसाचे हिशेबाचे असे 1200 टप्पे आणि वर्षाचे 336 दिवस असतात, म्हणजे वर्षाला 4,03,200 टप्पे. पहिला आकडा 100 असेल तर हे वर्ष सुमारे 67 मिनिटांत सरते; तोच 20 वर घसरला तर त्याच वर्षाला साडेपाच तासांहून अधिक लागतात. आपण ज्याला रखडणे म्हणता ते हेच, आणि त्याचा बहुतेक भार प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडत असल्याने महागडे ग्राफिक्स कार्ड त्याला हात लावू शकत नाही. दुसऱ्या आकड्याची मर्यादा 50 वरून 25 केल्यास थोडी उसंत मिळेल, पण थोडीच.

खरा उपाय जग आटोपशीर ठेवण्याचा आहे. किल्ल्याची जागा निवडताना 4 बाय 4 ऐवजी 3 बाय 3 चौकटी घ्या. प्रत्येक चौकटीची बाजू बुद्धिबळाच्या पटावर असतात तशा 48 घरांची असल्यामुळे एका पातळीवरील घरे 36,864 वरून 20,736 वर येतात, आणि अशा पातळ्या जमिनीखाली कितीतरी असतात. लोकसंख्येची मर्यादा मुळात 200 असते, ती 80 ते 100 च्या दरम्यान आणा. सात बुटक्यांपासून सुरू झालेला किल्ला शंभरावर पुरेसा गजबजतो, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक बुटका आणि प्रत्येक जनावर आपापली वाट शोधत असते, तेव्हा मांजरांची वीण वेळीच आवरा, गुरे कुरणाच्या आखलेल्या हद्दीत ठेवा आणि मुख्य मार्ग अरुंद बोगद्यांऐवजी दोन-तीन घरे रुंद खोदा. वर्दळीच्या मार्गांवर ‘हाय ट्रॅफिक’ची खूण करता येते, तिथल्या एका पावलाची किंमत 1 धरली जाते, साध्या वाटेवर 2 आणि ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे शक्यतो टाळायच्या, वाटेवर 25, त्यामुळे वाट शोधताना हिशेब भलतीकडे भरकटत नाही. हवामानाची गणना बंद करण्यास हरकत नाही. तापमानाची मात्र मी बंद करणार नाही, कारण पाणी गोठणे-वितळणे तिच्यावर अवलंबून आहे आणि या खेळाची गोडी अशाच गोष्टींत आहे.

आपण भुसावळचे आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहितो. मे महिन्यात खोलीच तापलेली असते, आणि लॅपटॉपचा प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. भारनियमनाच्या वेळी बॅटरीवर चालतानाही बहुतेक लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी हेच करतात. तोच किल्ला एकदा पहाटे, चार्जर जोडून आणि लॅपटॉप गादीऐवजी टेबलावर ठेवून चालवून पाहा. आकडा वाढलेला दिसला, तर आधी पंख्यातील धूळ साफ करून घ्या.

प्रश्न : 1366 बाय 768 च्या पडद्यावर अक्षरे पुसट दिसतात. तसेच किल्ल्याला देवनागरीत ‘लळिंग’ असे नाव देता येईल का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : पुसटपणा बहुधा विंडोजच्या 125 टक्के मोठे करून दाखवण्याच्या सोयीमुळे येतो. खेळाच्या फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कम्पॅटिबिलिटी’त हाय डीपीआयची सेटिंग उघडा, तिथे हे काम ‘अ‍ॅप्लिकेशन’कडे सोपवा आणि खेळ पूर्ण पडद्यावर चालवा. अक्षरे मग लहान वाटली, तर खेळाच्या व्हिडिओ सेटिंगमधून मोठी करून घ्या. देवनागरीची इच्छा मात्र पुरी होणार नाही, याचे मलाही वाईट वाटते. वर सांगितलेल्या 256 चिन्हांत आपली लिपी नाही, म्हणून लळिंग रोमन लिपीतच लिहावे लागेल.

प्रश्न : नवी आवृत्ती आली की जुना किल्ला चालतो का? (एक वाचिका, अमळनेर)

उत्तर : 2022 पूर्वीच्या 0.47 मालिकेतील किल्ले चित्रांच्या आवृत्तीत उघडत नाहीत, तेव्हा तो किल्ला प्रिय असेल तर जुनी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. जानेवारी 2025 मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर मोड’, म्हणजे एकट्या पात्राने जगभर भटकण्याचा खेळ, पुन्हा रीतसर आला. असा मोठा बदल येतो तेव्हा आधी सेव्हची प्रत काढावी आणि मगच नव्या आवृत्तीत किल्ला उघडावा. ‘डीएफहॅक’ हे खेळाला सोयी जोडणारे पूरक सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची जुळणारी आवृत्ती येईपर्यंत थांबा, कारण ते खेळाच्या नेमक्या आवृत्तीलाच बांधलेले असते. आपण डेस्कटॉपवर खेळत असाल आणि वीज अवचित जात असेल, तर आपोआप सेव्ह होण्याची सेटिंग वार्षिक न ठेवता दर ऋतूला ठेवा.