मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, आणि विमानाला जाताना-येताना वेगळा वेळ का लागतो?

तुम्ही लिहिलंय की आईबाबांना नाशिकहून न्यूयॉर्कला पाठवायचंय, 12,500 किमीला 900 ने भागलं तर 14 तास येतात, मग तिकिटावर जाताना 16 च्या आसपास आणि येताना कमी कसे. अंतर तुमचं बरोबर आहे, जवळच्या वाटेने तेवढंच भरतं, फक्त तासांचा हिशोब नुसत्या अंतरावर होत नाही.

मुख्य कारण वारा. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर ताशी 200 किमीच्याही वर जातात. विमानाचा 900 चा वेग हा हवेतला वेग, त्यामुळे समोरून वारा आला की जमिनीवरचं अंतर हळू कापलं जातं आणि येताना तोच वारा मागून ढकलतो. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को, 2016 मध्ये त्यांनी अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून उलट्या दिशेने, म्हणजे पूर्वेकडे वाऱ्याबरोबर जायला सुरुवात केली, अंतर चौदाशेएक किमीने वाढून 15,300 च्या आसपास गेलं तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर!

दुसरं म्हणजे वाट. सपाट नकाशावर रेघ मारू नका, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया करत पार उत्तर युरोपावरून जातो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून आपल्या कंपन्यांना वळसा पडला. म्हणून जुन्या पोस्टमधले तास धरू नका, ज्या तारखेचं तिकीट घेताय त्यावरचेच बघा.

आणि तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी करू नका, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. रात्री 2 ला सुटून सकाळी 8 ला पोचणारं विमान उन्हाळ्यात साडेपंधरा तास उडतं, सहा नाही. आईबाबांना हे आधीच नीट समजावून सांगा, गोळ्यांच्या वेळा यावरच ठरतात.

नाशिककरांनी यात अजून एक धरायचं, मुंबई विमानतळापर्यंतचा रस्ता. समृद्धीमुळे इगतपुरीच्या पुढे कसारा घाट टळतो हे खरं, पण भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक काही टळत नाही, शिवाय तीन तास आधी पोचायचं म्हणजे घरातून विमानाच्या आठ तास तरी आधी निघा, पावसाळ्यात अजून लवकर. ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, दिल्लीमार्गे पाठवणार असाल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, वेगवेगळी काढली आणि पहिलं लेट झालं तर पुढचं तिकीट वाया जाऊ शकतं आणि वयस्कर माणसांची उगाच धावपळ होते. व्हीलचेअर पण बुकिंग करतानाच सांगून ठेवा.