आंब्याच्या पेट्यांचा हिशेब पायथनमधून फाइलीत ठेवायला जेसन बरं की पिकल?

देवगडच्या बागेचा हिशेब डिक्शनरीत आहे, लॉट नंबर ही 'की' (नोंद शोधायची खूण) आहे आणि मित्राने 'पिकल वेगवान' म्हणून सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंय. एका बागेच्या हंगामाच्या नोंदींना वेगाचा प्रश्नच येत नाही. जेसन (JSON, साध्या मजकुरात डेटा लिहायची पद्धत) वापरा, पिकल (pickle, पायथनची स्वतःची बायनरी साठवण) नको.

फक्त ते कुठे दगा देतं ते ओळखून असा. 'की' म्हणून पूर्णांक १२ ठेवलात तर डम्प्स (json.dumps, डिक्शनरीचा जेसन मजकूर करणारं फंक्शन) त्याची मुकाट्याने स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करतं. फाइल परत लोड करून पूर्णांक १२ शोधलात तर की-एरर (KeyError) येते, कारण तशी 'की' आता नसते. मग कुणीतरी 'लॉट नसेल तर नवा उघड' अशी ओळ घालतो आणि खरं नुकसान तिथे सुरू होतं. आता डिक्शनरीत स्ट्रिंग १२ आणि पूर्णांक १२ दोन्ही असतात. डम्प्स दोन्ही एकाच नावाने लिहितं, एरर देत नाही. पुढच्या लोडला शेवटची नोंद उरते, आधीची जाते. वाशीच्या बाजारातून पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशेब) आली की पाच डझनी पेट्यांचा मेळ बसत नाही आणि बोल दलालाला लागतो. लॉट नंबर पहिल्यापासून स्ट्रिंगच ठेवा. '१२-अ' कधीतरी येणारच.

डम्प्सला तारीख थेट दिलीत तर टाइप-एरर येते. ती आयसोफॉरमॅटने (isoformat) मजकूर करून लिहा, फ्रॉमआयसोफॉरमॅटने (fromisoformat) वाचा (पायथन ३.७ पासून आहे). टपलची (न बदलणारी यादी) परत येताना लिस्ट होते. रक्कम रुपयांत नव्हे, पूर्णांक पैशांतच ठेवा.

मराठी नावं फाइलीत तशीच दिसावीत म्हणून डम्प्सला ensure_ascii=False द्या आणि ओपनला encoding="utf-8" सांगा. विंडोजवर यूटीएफ-८ सांगायला विसरलात तर लिहिताना एन्कोडिंगची एरर येऊ शकते, आणि 'डब्ल्यू'ने ('w', लिहायला) उघडताक्षणी जुनी फाइल रिकामी झालेली असते. म्हणून आधी डम्प्सने स्ट्रिंग बनवा, ती शेजारच्या तात्पुरत्या फाइलीत लिहा, मग ओएस-रिप्लेसने (os.replace) जुन्या फाइलीच्या जागी आणा. मे अखेरच्या पावसात वीज गेली तरी निदान कालचा हिशेब बहुधा शाबूत राहतो.

पिकलवाले म्हणतात, 'टपल, तारीख सगळं जसंच्या तसं परत मिळतं.' मिळतं, खरं आहे. पण पिकलची फाइल लोड करताना तिच्यातला कोडही चालू शकतो. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली फाइल अशी उघडायची? शिवाय नोटपॅडमध्ये उघडून चुकलेला आकडा दुरुस्त करता येत नाही, आणि बागायतदाराला तेच हवं असतं. इव्हॅलने (eval, मजकूर कोड म्हणून चालवणारं फंक्शन) टेक्स्ट वाचायचा सल्लाही त्याच कारणाने ऐकू नका. त्याऐवजी लिटरल-इव्हॅल (ast.literal_eval) आहे, तो साधे प्रकार टपलसकट वाचतो.

आपल्याच मशीनवर, आपणच लिहिलेला तात्पुरता साठा असेल तर पिकल चालेल. हिशेबाला नाही.