वाचक विचारतात : अमेरिकेतली ती अर्धी माणसं नेमकं काय म्हणतायत?

मागच्या अंकात अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह आणि त्यांचे विरोधक यांच्या भांडणावर दोन पानं लिहिली होती, त्यावर सांगली-साताऱ्याकडनं बरीच पत्रं आली. त्यातली चार इथं घेतोय, बाकीच्यांना सवडीनं उत्तर देतो.

प्रश्न : सर, टीव्हीवर कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे पुराणमतवादी असं सांगतात. मग अर्धी अमेरिका पुराणमतवादी आहे का? शिकलेसवरलेले लोक त्यांना मत देतात ते कशासाठी? (एक वाचक, विटा)

पहिल्यांदा तो पुराणमतवादी शब्द बाजूला ठेवूया, कारण तो ऐकला की डोळ्यासमोर सोवळंओवळं येतं आणि तिथला मुद्दा तो नाहीच. तिथला मुद्दा आहे की निर्णय कुणी घ्यायचा. तुमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि घराघरातला टीव्ही, मोबाईल बंद होतो, पोरं पुस्तक घेऊन बसतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात, साडेआठला परत भोंगा वाजेपर्यंत. हा काही मंत्रालयातनं आलेला जीआर नाही, गावानं ठरवलं आणि गाव पाळतंय. आता समजा उद्या दिल्लीतनं हुकूम निघाला की देशभर सातला मोबाईल बंद ठेवा नाहीतर दंड, तर तेच गाव पहिल्यांदा विचारेल की आमच्या घरात डोकावणारे तुम्ही कोण. गोष्ट तीच, भोंगा तोच, पण लावणारा हात बदलला की सगळं बदलतं. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाचं मन मला या एका उदाहरणात सापडतं.

त्याच्या दृष्टीनं आधी घर, मग चर्च, मग गावातली शाळा आणि तिची कमिटी, मग राज्य, आणि सगळ्यात शेवटी वॉशिंग्टन. एडमंड बर्क या ब्रिटिश विचारवंतांनी 1790 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना हेच मांडलं होतं की माणूस आधी आपल्या जवळच्या छोट्या गोतावळ्यावर जीव लावायला शिकतो आणि देशावरचं प्रेम तिथनंच फुटतं. अमेरिकेच्या राज्यघटनेची 1791 ची दहावी दुरुस्तीसुद्धा सांगते की जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतील.

गर्भपाताचं भांडण असंच वाढलं. 1973 मध्ये रो विरुद्ध वेड खटल्यात सुप्रीम कोर्टानं गर्भपाताच्या हक्काचा एकच नियम सगळ्या देशाला लावला, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांचं म्हणणं असं की नऊ न्यायाधीशांनी कोट्यवधी लोकांच्या तोंडातला विषय काढून घेतला, चर्चाच संपवली. त्यांनी 49 वर्षं ते धरून ठेवलं आणि जून 2022 मध्ये डॉब्स खटल्यात तो निकाल फिरला, विषय राज्यांकडे गेला. मग गंमत नाही, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट झाली. सव्वा महिन्यानंच कॅन्सस राज्यात, जे 1968 पासून प्रत्येक वेळी रिपब्लिकन म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला मत देत आलंय, तिथं गर्भपाताचा हक्क त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतनं काढायचा का यावर लोकांचं मतदान झालं आणि साधारण 59 टक्के लोकांनी नाही म्हणून सांगितलं. प्रामाणिक कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाला हे पटवून घ्यावं लागतं, कारण लोकांनीच ठरवायचं हे त्याचंच म्हणणं होतं.

मला यातलं बरंच पटतं, पण एका जागी पाय अडतो आणि तो का अडतो ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आपण सातारच्या बाजूची माणसं. 1900 साली बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, आणि शाळेत त्यांच्या वाट्याला काय आलं ते आपल्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. त्याच बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत सांगितलं की खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आहे. गावानं ठरवलं म्हणून माणसाला पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही, हेही गावानं ठरवलेलंच होतं ना. अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांनी काळ्या लोकांना वेगळं ठेवलं तेव्हा राज्यांचा अधिकार हाच शब्द वापरला. 1964 मध्ये वंशावरनं भेदभाव करायला बंदी घालणारा सिव्हिल राइट्स कायदा आला तेव्हा रिपब्लिकन नेते बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, विरोधात मत दिलं, केंद्राला एवढा अधिकार नाही म्हणून, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहून फक्त सहा राज्यं जिंकली, त्यातली पाच खोल दक्षिणेतली. हा डाग त्या विचारावर आहे आणि तो झाकून कुणी आपल्याला तो विचार समजावू नये. माझ्यापुरतं मी असं धरतो की भोंगा गावानं वाजवावा, पण पाणवठा कुणाचा हे गावाच्या मतावर सोडायचं नाही.

प्रश्न : आमचा हळदीचा व्यापार, मार्केट यार्डात सगळ्या पक्षांची माणसं एका चहावर असतात. अमेरिकेत एवढा राग कुठनं आला? माणसं एकमेकांच्या घरी जात नाहीत म्हणे. (एक व्यापारी, सांगली)

खरं आहे. 1960 मध्ये तिथं एक पाहणी झाली होती की तुमच्या मुलानं-मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का, तेव्हा शंभरात पाचेक लोक हो म्हणाले. 2010 मध्ये तसंच विचारलं तर रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे आणि समोरच्या पक्षाच्या, म्हणजे डेमोक्रॅटांपैकी एकतृतीयांश हो म्हणाले. आपल्याकडं सोयरीक जुळवताना जे बघतात ते तिकडं पक्षावर येऊन थांबलंय.

आणखी एक हिशोब बघा. 1986 मध्ये अँटोनिन स्कालिया यांना रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी सुप्रीम कोर्टावर नेमलं, माणूस कडवा कॉन्झर्व्हेटिव्ह, तरी सिनेटमध्ये मतं पडली 98 विरुद्ध 0. रूथ बेडर गिन्सबर्ग अगदी उलट्या विचारांच्या, 1993 मध्ये त्यांना 96 विरुद्ध 3. हे दोघं जिवलग मित्र होते, निकालपत्रात एकमेकांना फाडायचे आणि ऑपेराला सोबत जायचे. 1994 मध्ये दोघं भारतात आले होते तेव्हाचा एक फोटो आहे, हत्तीवर पुढं स्कालिया बसलेत आणि मागं गिन्सबर्ग. तो फोटो बघितला की मला दरवेळी गलबलून येतं. आता अलीकडच्या न्यायाधीशांचे आकडे बघा, 2018 मध्ये कॅव्हनॉ 50 विरुद्ध 48, 2020 मध्ये बॅरेट 52 विरुद्ध 48, 2022 मध्ये केतांजी जॅक्सन 53 विरुद्ध 47.

कॉन्झर्व्हेटिव्ह लोक म्हणतात सुरुवात समोरच्यांनी केली, 1987 मध्ये रॉबर्ट बोर्क यांची नेमणूक 42 विरुद्ध 58 मतांनी पाडली तिथनं. समोरचे 2016 दाखवतात, स्कालिया वारल्यावर ओबामांनी सुचवलेल्या माणसाची रिपब्लिकनांनी सुनावणीच घेतली नाही. दोन्ही घटना घडलेल्या आहेत. पण माझं मत असं की सगळं जर वॉशिंग्टनमध्ये आणि त्या नऊ खुर्च्यांवर ठरणार असेल तर प्रत्येक खुर्चीसाठी जीव जाईपर्यंत भांडण होणारच, आणि हे सांगण्यात कॉन्झर्व्हेटिव्ह बरोबर आहेत.

रागाचं दुसरं कारण पोटाचं आहे. 2018 मध्ये मी लेकीकडं ओहायोत चार महिने राहिलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर काम केलेले, डाव्या मनगटावर पोळल्याचा डाग होता आणि बोलताना उजव्या अंगठ्यानं तो चोळत बसायचे. ओहायोतल्याच यंग्जटाऊनला 19 सप्टेंबर 1977 ला सोमवारी कारखाना बंद होणार असं जाहीर झालं, साधारण 5000 माणसांचं काम गेलं, तिथले लोक अजून त्याला काळा सोमवार म्हणतात. त्यांनी मला गाडीत घालून ती जागा दाखवली, नुसतं गवत. मला आपली माणसं आठवली, 1982 च्या संपानंतर परळ-लालबागहून वळकटी घेऊन गावी परत आलेली. फरक एवढाच की आपल्या माणसाला परतायला गाव होतं, त्यांचा कारखाना हेच त्यांचं गाव होतं. पुढं 1994 मध्ये मेक्सिको आणि कॅनडाशी मोकळ्या व्यापाराचा नाफ्टा करार आला, 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आणखी काम गेलं, आणि शहरातली शिकलेली मंडळी म्हणायला लागली की हे मागासलेले आहेत. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन ट्रम्प यांच्या निम्म्या मतदारांबद्दल डिप्लोरेबल्स म्हणाल्या, म्हणजे तिरस्कार करण्यासारखे लोक. माझ्या त्या शेजाऱ्यांनी आयुष्यभर डेमोक्रॅटांना मत दिलं होतं, युनियनचा माणूस. तो एक शब्द त्यांना मनगटावरच्या डागापेक्षा जास्त झोंबला होता. त्यांचा तो महोनिंग जिल्हा 2020 मध्ये रिपब्लिकनांकडं गेला, 1972 नंतर पहिल्यांदा.

प्रश्न : माझा मुलगा डॅलसला कंपनीत आहे. आधी म्हणायचा आई, हे लोक आपल्यासारखेच आहेत, कुटुंब मानणारे, देव मानणारे, टॅक्स कमी ठेवणारे. आता फोनवर म्हणतो मी फसलो. मी त्याला काय सांगू? (एक आई, कऱ्हाड)

ताई, तुमचा मुलगा फसलेला नाही, त्यानं एकाच वाड्यातली एक खोली बघितली आणि दुसरी आत्ता उघडली. त्या विचारात दोन भावकी आहेत. एक रीगन यांची, धंदा मोकळा ठेवा, कष्टाळू माणसाला दार उघडं ठेवा. 1986 मध्ये रीगन यांनीच सही केलेल्या कायद्यानं कागदपत्रं नसलेल्या साधारण 27 लाख लोकांना कायदेशीर राहता आलं, आणि जानेवारी 1989 मधल्या निरोपाच्या भाषणातही ते दारं उघडी असलेल्या शहराबद्दल बोलले. दुसरी भावकी म्हणते की आधी आपलं घर, आपला कामगार, आणि परक्या मालावर जकात. 1992 मध्ये पॅट ब्युकॅनन हे नेते रिपब्लिकन पक्षाच्या ह्यूस्टनच्या अधिवेशनात हे देशाच्या आत्म्यासाठीचं युद्ध आहे असं बोलले तेव्हा ही भावकी वळचणीला होती, आज माजघरात आहे. डिसेंबर 2024 मध्ये परदेशी शिकलेल्या माणसांना कामासाठी मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसावरनं दोघांची उघड जुंपली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जावर 1 लाख डॉलरची फी आली.

ही फी नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याकडं आधीचा व्हिसा आहे त्यांच्या नूतनीकरणाला नाही, हे त्याला माहीत असेलच, तुम्हीही जिवाला घोर लावू नका. पण त्याचं दुखणं पैशाचं नाही, मला वाटतं ते आपलेपणाचं आहे. ज्यांना आपलं मानलं त्यांनी दारात उभं केलं. ते दुःख खरं आहे, त्याला लगेच समजूत घालायला जाऊ नका, नुसतं ऐकून घ्या. आणि शेजारी कोण आहेत, आजारपणात कोण डबा घेऊन येतं ते विचारा. टेक्सासात चर्चची माणसं मत कुणालाही देवोत, शेजारधर्माला पक्की असतात, हा माझा नाही तर तिकडं राहिलेल्या आपल्या कितीतरी पोरांचा अनुभव आहे.

प्रश्न : सर, मी बीएला आहे, राज्यशास्त्र. कमी मतं पडूनही राष्ट्राध्यक्ष कसा होतो आणि कॉन्झर्व्हेटिव्ह लोक त्याचं समर्थन का करतात? (एक विद्यार्थिनी, मिरज)

बाळा, तिथं राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर, एकूण 538 आहेत, 270 मिळाले की जिंकला, आणि जवळपास सगळ्या राज्यांत जास्त मतं ज्याला त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. 2016 मध्ये क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा 28 लाखांहून जास्त मतं पडली तरी ट्रम्प जिंकले ते असे. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात की हा देश राज्यांचा संघ आहे, नुसती डोकी मोजली तर मोठ्या शहरांचंच राज्य येईल आणि वायोमिंगच्या गुराख्याला कुणी विचारणार नाही. वायोमिंगला 3 इलेक्टर आहेत, कॅलिफोर्नियाला 54, पण माणशी हिशोब केलास तर वायोमिंगच्या मताचं वजन खूप जास्त भरतं, तो हिशोब तू स्वतः करून बघ.

मला हे समर्थन अर्धंच पटतं. लहान राज्याची बाजू सिनेट सांभाळतंय, तिथं वायोमिंगलाही 2 आणि कॅलिफोर्नियालाही 2. आणि या पद्धतीत कॉन्झर्व्हेटिव्ह मतदारही दबतो, 2024 मध्ये कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना 60 लाखांवर मतं पडली आणि तिथनं इलेक्टर मिळाला एकही नाही. परीक्षेत हे उदाहरण नक्की लिही, आणि पुढच्या महिन्यात सांगलीला आलीस की कार्यालयात ये, तुला दहाव्या दुरुस्तीवरच्या माझ्या जुन्या वह्या देतो.