चौथ्या नंबरवरून वर जायचंय : वाचकांचे प्रश्न, फ्रेंच फुटबॉल

प्रश्न : यंदा फ्रान्सच्या लीग २ मधला एक छोटा क्लब फॉलो करायला लागलोय. सीझनच्या शेवटच्या पाच-सहा मॅच राहिल्यात, टीम चौथ्या-पाचव्या नंबरवर वरखाली होतेय. लीग १ चं स्वप्न बघावं का, आणि टेबलमध्ये नक्की बघायचं काय?

उत्तर : बघा की स्वप्न, बिनधास्त बघा, पण नजर तिसऱ्या नंबरवर ठेवा. लीग २ म्हणजे दुसरा डिव्हिजन, त्यातले पहिले दोन थेट लीग १ मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये जातात. खरी मारामारी त्याच्या खाली. चौथा आणि पाचवा एकमेकांशी एकच मॅच खेळतात, चौथ्याच्या मैदानावर, त्यातून जो जिंकेल तो तिसऱ्याच्या घरी जातो, तिथेही एकच मॅच, आणि मग जो उरला त्याची गाठ लीग १ मधल्या सोळाव्या क्लबशी, ती दोन लेगची, म्हणजे दोघांच्या घरी एकेक मॅच, आणि दुसरी लेग लीग १ वाल्याच्या घरी. म्हणजे पाचव्याने वर जायचं तर चार मॅच, त्यातली घरची एकच. चौथ्याला घरच्या दोन मिळतात, बास, एवढाच फरक.

रोदेझचं उदाहरण घ्या. दक्षिण फ्रान्समधलं आवेरों भागातलं साधारण चोवीस हजार वस्तीचं गाव. २०२३-२४ मध्ये ते लीग २ मध्ये चौथे आले, घरच्या मैदानावर पॅरिस एफसीला पेनल्टी शूटआउटवर बाहेर काढलं, आणि पुढची मॅच कुठे तर सेंत-एतियेनच्या जोफ्रुआ-गिशार स्टेडियममध्ये, जिथे चाळीस हजाराच्या वर लोक बसतात, म्हणजे अख्खं रोदेझ नेऊन बसवलं तरी खुर्च्या उरतील. ०-२ हरले. सेंत-एतियेन तिथून मेसला हरवून लीग १ मध्ये गेलं. पुढच्या वर्षी डंकर्कचं तेच झालं, चौथे आले, पाचव्या गँगाँला हरवलं, मग तिसऱ्या नंबरवरच्या मेसकडे गेले आणि तिथेच संपलं, आणि मेस पुढे रँसला एक्स्ट्रा टाइममध्ये हरवून वर.

ही प्लेऑफची पद्धत २०१८ साली आली. तेव्हापासून २०२५ पर्यंत प्लेऑफमधून वर गेलेले तीनच क्लब आहेत, २०२२ ला ओसेर, २०२४ ला सेंत-एतियेन, २०२५ ला मेस, आणि तिघंही तिसऱ्या नंबरवरून! पाचव्या नंबरवरून सगळ्यात लांब मजल मारली ती २०१९ ला लाँसने, शेवटच्या दोन लेगपर्यंत पोचले आणि दिजाँपुढे अडकले. मला हा नियम कठोर वाटतो पण अन्यायाचा नाही वाटत, ३४ मॅच खेळून जो तिसरा येतो त्याला घरच्या मैदानाचा फायदा मिळायलाच हवा. म्हणूनच सांगतोय, तुमचा क्लब चौथा असेल तर पाचवा किती जवळ आला याची काळजी करत बसण्यापेक्षा तिसरा किती पॉइंट पुढे आहे ते रोज बघा, कारण चौथ्याचा तिसरा होणं हे पाचव्याचा चौथा होण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

अजून एक. उरलेलं शेड्यूल बघताना तळातल्या टीमशी मॅच आहे म्हणजे तीन पॉइंट खिशात असं धरू नका. मे महिन्यात मधल्या नंबरवरची टीम निवांत असते, तळातली जीव तोडून खेळते. जून २०२३ ला शेवटच्या फेरीत बोर्दोला वर जायच्या आशेसाठी जिंकणं भाग होतं आणि समोर होतं लीगमध्ये टिकायला झगडणारं हेच रोदेझ. रोदेझने पहिला गोल केला, एक प्रेक्षक मैदानात घुसला, गोल करणाऱ्याला ढकललं, मॅच थांबली ती पुन्हा सुरूच झाली नाही. बोर्दो राहिलं खाली, रोदेझ लीगमध्ये टिकलं, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी चौथं आलं, जे मी वर सांगितलं. लीग २ मध्ये बारा महिन्यात एवढं सगळं उलटं होऊ शकतं, मला ही लीग एवढी आवडते ती याच्यासाठीच.

प्रश्न : छोटा क्लब फ्रेंच कपमध्ये पण पुढे गेला तर चांगलं की वाईट? दोन्हीकडे खेळून दमत नाहीत का?

उत्तर : दमतात, छोट्या क्लबकडे बेंचवर बसवायला तेवढे चांगले खेळाडूच नसतात. पण कप सोडून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. २०२५ ला डंकर्कने ओसेर, लील, ब्रेस्त अशा लीग १ च्या टीम एकेक करत बाहेर काढल्या आणि सेमीफायनलला पीएसजीच्या विरुद्ध २-० पुढे होते, शेवटी २-४ हरले, पण ती २-० ची काही मिनिटं बंदरावरच्या त्या लोकांकडून आता कोण काढून घेणार आहे. आणि तरी लीगमध्ये चौथे आलेच ना.

पण एकच निवडायचं असेल तर मी प्रमोशन निवडेन. ब्रिटनीमधलं गँगाँ, सात हजार वस्ती, स्टेडियम गावाच्या दुपटीपेक्षा मोठं, २००९ ला लीग २ मध्ये असताना त्यांनी रेनला हरवून फ्रेंच कप उचलला आणि २०१० ला ते तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरले. कपाने युरोपियन स्पर्धा दाखवली पण लीगमध्ये वाचवलं नाही. मग पायरी पायरीने २०१३ ला लीग १ मध्ये आले, २०१४ ला पुन्हा रेनलाच हरवून पुन्हा कप जिंकला आणि २०१९ पर्यंत वर टिकले. माझ्यासाठी त्यांचं खरं मोठेपण त्या सलग सहा सीझनमध्ये आहे.

प्रश्न : मैदानावर जिंकूनही क्लब वर जात नाही असं होतं का? कुठेतरी वाचलं होतं.

उत्तर : होतं, आणि यावर मी शांतपणे लिहू शकत नाही. लुझनाक. पिरेनीज डोंगरातलं सहा-साडेसहाशे वस्तीचं खेडं. २०१३-१४ ला नॅशनल म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनमध्ये दुसरे आले, लीग २ चा हक्क मैदानावर कमावला, वर्ल्ड कप जिंकलेला गोलकीपर फाबियें बार्तेझ क्लबच्या कारभारात होता. आधी डीएनसीजीने, म्हणजे फ्रेंच क्लबांचे हिशोब तपासणाऱ्या समितीने, पैशांवरून नाही म्हटलं, त्यातून वाट काढेपर्यंत स्टेडियमचा मुद्दा आला, खेड्यातलं मैदान लीग २ ला चालणारं नव्हतं, तुलूझचं रग्बी स्टेडियम वापरायचं ठरवलं तर तेही लीगने मान्य केलं नाही. ऑगस्ट संपता संपता दार बंद. खेळाडू पांगले, क्लबला प्रादेशिक पातळीवरून पुन्हा सुरुवात करावी लागली. आणि त्याच वर्षी नॅशनलमधून वर आलेलं गाझेलेक अजाक्सिओ २०१५ ला थेट लीग १ मध्ये पोचलं. लुझनाकचंही तसंच झालं असतं असं नाही म्हणत, पण त्या पोरांना एक सीझन खेळून बघायचा हक्क होता, असं मला आजही वाटतं.

काँकार्नोचं निदान एवढं वाईट झालं नाही. मासेमारीचं बंदर, २०२३ ला नॅशनल जिंकून लीग २ मध्ये आले, पण स्वतःचं मैदान नियमात बसेना म्हणून घरच्या मॅच शंभरेक किलोमीटरवर गँगाँमध्ये खेळायला लागल्या आणि एका सीझनमध्येच परत खाली. घर सोडून घरच्या मॅच खेळायच्या म्हटल्यावर काय होणार.

कधीकधी कागद छोट्याच्या बाजूनेही पडतो. २०२५ ला बुलोन नॅशनलमधून प्लेऑफला आलं, क्लेरमाँकडून हरलं, सगळं संपलं असं वाटत असताना डीएनसीजीने अजाक्सिओला लीग २ मधून खाली ढकललं आणि त्या जागी बुलोन वर आलं. त्यामुळे सीझन मे मध्ये संपला असं समजू नका, जून-जुलैमध्ये डीएनसीजीच्या सुनावण्यांवर लक्ष ठेवा, तुमचा क्लब लीग १ मध्ये नाही गेला तरी पुढच्या वर्षी त्याच्यासमोर कोण असणार हे तिथेच ठरतं.

प्रश्न : छोट्या क्लबच्या बातम्या मिळतच नाहीत, काय वाचू?

उत्तर : राष्ट्रीय पातळीवर लेकीप हा खेळांचा पेपर आहेच, पण तिथे छोट्या क्लबला चार ओळी मिळतात. त्या भागाचा पेपर धरा, डंकर्कसाठी ला व्वा द्यु नोर, ब्रिटनीतल्या क्लबांसाठी उएस्त-फ्रान्स आणि ल तेलेग्राम, वेबसाइट ट्रान्सलेट करून वाचली तरी समजतं. मॅचच्या आधीची कोचची प्रेस कॉन्फरन्स चुकवू नका, कोण जखमी, कोण सस्पेंड हे तिथेच कळतं. आणि करार ३० जूनला संपणारे खेळाडू कोण, लोनवर आलेले कोण, तेही आत्ताच बघून ठेवा. वर गेले तरी, नाही गेले तरी, तुम्ही आज ज्यांच्यासाठी ओरडताय त्यातले बरेच जण ऑगस्टमध्ये दुसऱ्या जर्सीत असतील.